दोष जोडणाऱ्याचा

संगणक बिघडला की पहिला संशय मदरबोर्डवर कधीच जात नाही. आधी तो व्हायरसवर जातो. मग विजेवर, मग रॅमवर, मग हार्ड डिस्कवर. अगदी शेवटी माउसला हात लावणाऱ्या घरातल्या माणसावरही जातो. मदरबोर्ड मात्र पेटीच्या आत, पत्र्याला स्क्रूंनी जखडलेला, या साऱ्या चौकशीत नुसता साक्षीदार म्हणून उभा असतो. कारण उघड आहे. तो स्वतः काही करताना दिसत नाही. आकडेमोड प्रोसेसर करतो, हातातले काम रॅम धरून ठेवते, साठवण डिस्कची. बोर्डाचे काम एवढेच, की या सगळ्यांनी एकमेकांशी बोलावे आणि वेळेवर बोलावे. गणेशोत्सवात मंडळाचा कार्यवाह ना गातो ना नाटकात उभा राहतो. पण पेटीवाला आला नाही, पडदा अडकला, प्रसादाला उशीर झाला, की घोटाळा कार्यवाहाचा असतो आणि हशा नटाचा होतो. बोर्डाचे तसेच. तो चुकल्याचे दिसत नाही. ज्यांना त्याने जोडले, ते चुकताना दिसतात.

हे शहाणपण मला आमच्या घरातल्या एका म्हाताऱ्या संगणकाने दिले. आम्ही जबलपूरच्या विजय नगरात राहतो. इथे पत्ता सांगताना अहिंसा चौक सांगायचा, नाहीतर कचनार सिटीतला ७६ फुटी शंकर. वस्ती तशी नवीच. जुनी मराठी घरे गोलबाजार, राइट टाउनच्या बाजूची. मुले बाहेर गेली, वाडे मोडले, तेव्हा आमच्यासारखे काही इकडे सरकले. सामानाबरोबर २००६ साली जोडून घेतलेला तो संगणकही आला. घरात नवा लॅपटॉप आहे, वीजबिल आणि बँक त्यावर चालते. जुन्याला इंटरनेटची तारही लावलेली नाही. तरी तो टाकवत नाही, कारण मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी करत आलेली एक यादी त्याच्या पोटात आहे: जबलपुरातली मराठी घरे.

यादीला चार रकाने. आडनाव, मूळ गाव, कधी आले, कशामुळे आले. चौथा रकाना सर्वांत वाचनीय. गढा-मंडल्याचे राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आणि पुढे नागपूरकर भोसल्यांकडे गेले, त्या काळात कारकुनीच्या निमित्ताने आल्याचे सांगणारी थोडी घरे. १८१७ नंतर अंमल इंग्रजांचा झाला तरी ती हलली नाहीत. मग रेल्वेची. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेले ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचे रूळ आणि कलकत्त्याकडून आलेले ईस्ट इंडियनचे रूळ याच गावात एकमेकांना मिळाले, आणि मुंबईच्या माणसाला गाडीत बसून कलकत्ता गाठता येऊ लागले. मग १९०४ च्या गन कॅरेज फॅक्टरीची घरे, मग दुसऱ्या महायुद्धात उभ्या राहिलेल्या खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची. आणि मग १९५६ ची. राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले, नागपूरचे हायकोर्ट मध्य प्रदेशाचे हायकोर्ट होऊन जबलपूरला आले. फायली आल्या तशी फायली सांभाळणारी माणसेही आली. माझे वडील त्यांतलेच.

आता ही यादी ज्या मराठीत टाइप केली आहे, ती आजच्या मोबाइलवरची मराठी नव्हे. श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावे ज्यांनी त्या काळात डीटीपी केले त्यांच्या अजून तोंडात असतील. तेव्हा प्रत्येक सॉफ्टवेअरची मराठी वेगळी. एकाच्या फॉन्टमध्ये ज्या आकड्यावर ‘क’ बसवलेला, दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये त्याच आकड्यावर वेलांटी. फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि टोप्या घातलेल्या स्वरांचा नुसता भुसा. त्याच्याही आधी, पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाच्या दिवसांत, देवनागरी पडद्यावर उमटावी म्हणून बोर्डाच्या खाचेत एक अख्खे कार्डच खोचावे लागे. ज्या आयसा खाचेत ते बसे, ती खाचच पुढे नव्या बोर्डांवरून गेली, आणि ती कार्डे कपाटात पडली. आमच्या वेळेपर्यंत कार्ड गेले होते, पण कुलूप आले होते: बोटभर लांबीचे हार्डवेअर लॉक, संगणकाच्या पाठीमागच्या किरमिजी रंगाच्या पंचवीस छिद्रांच्या पॅरलल पोर्टमध्ये खोचायचे. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही.

थोडक्यात, यादी दुरुस्त करायला कळफलक हवा, कळफलकाला सॉफ्टवेअर हवे, सॉफ्टवेअरला कुलूप हवे, कुलपाला पोर्ट हवे, आणि पोर्ट असते बोर्डावर.

पावसाळा सरता सरता संगणक रुसायला लागला. काम करता करता मध्येच बंद पडायचा, आणि बंद पडला तसाच आपोआप सुरू व्हायचा. घड्याळ मागे जायचे. कधी माउस चालेना, कधी नुसता पंखा फिरे आणि पडदा काळा. सगळ्यांनी एकमुखाने सुचवलेला उपाय म्हणजे ‘फॉरमॅट मारून टाका’. आपल्याकडे संगणकाच्या प्रत्येक दुखण्यावर हा काढा चालतो. मी आधी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली, तिची प्रत करून ठेवली आणि तिची तब्येत तपासली. डिस्क ठणठणीत निघाली. पहिला आरोपी सुटला.

घड्याळ मागे जाते म्हटल्यावर बोर्डावरचा सेल. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. संगणक बंद असताना वेळ आणि मूळची मांडणी तोच जागती ठेवतो. नवा घातला. सकाळी उघडून बघतो तर तारीख पुन्हा बोर्ड जन्मला त्या सालाकडे गेलेली. सेलही सुटला.

मग रॅम. पट्टी काढायची, सोनेरी दात शाळकरी खोडरबराने हलक्या हाताने पुसायचे, भुगा झटकायचा, पुन्हा टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवायची. या देशातले निम्मे संगणक या एका विद्येवर पुन्हा उभे राहत असावेत. आमचा उभा राहिला, पण थोडाच वेळ. म्हणून रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवले. सकाळी पडद्यावर लाल ओळी. रॅम खराब, असा स्वच्छ निकाल. पण तीच पट्टी शेजाऱ्यांच्या संगणकात लावली तर एकही चूक नाही. आणि त्यांची धडधाकट पट्टी आमच्या त्याच खाचेत लावली, तर पुन्हा लाल ओळी. पट्टी दुसऱ्या खाचेत सरकवली, की ओळी थांबल्या. चाचणी खोटे बोलत नव्हती. चूक रॅममध्येच उमटत होती. होत मात्र होती दुसरीकडे. इथे पहिल्यांदा माझी नजर साक्षीदाराकडे गेली.

तरी एसएमपीएस राहिला होता, आणि विजेवरचा संशय जबलपुरात कुणी सहजासहजी सोडत नाही. मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर, मग पावसात कडकडाट, दिवा एकदा पिवळा एकदा पांढरा. अशा हवेत वीजपुरवठ्याचा डबा किती दिवस नीट राहणार? त्याची परीक्षा सोपी आहे. चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला तारेच्या तुकड्याने जोडायची, पंखा फिरू लागतो. मग मल्टिमीटर लावून पिवळ्या तारेवर बारा व्होल्ट येतात का पाहायचे. पाच टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे ११.४ पासून १२.६ पर्यंत. आमचा १२ च्या आसपास होता. पण भार नसताना सगळेच एसएमपीएस गुणी असतात, म्हणून शेजाऱ्यांकडून त्यांचाही मागून आणला. (शेजारी म्हणाले, “आता फक्त पंखा उरलाय आमचा, तोही घेऊन जा.”) त्यावरही संगणक तसाच रुसला.

राहता राहिली शेवटची परीक्षा. बोर्ड पेटीतून बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवला. पुठ्ठ्यावर का, तर पत्र्याला पाठीमागचा एखादा टाका टेकत असेल तर तोही संशय जावा. प्रोसेसर, पंखा आणि वीज एवढेच ठेवले. रॅम काढून टाकली, छोटा स्पीकर लावला आणि चालू केले. नियम असा आहे, की रॅम नसलेला बोर्ड चालू केला, की त्याने पीं-पीं करून ओरडले पाहिजे. ओरडला तर समजायचे की बोर्ड जिवंत आहे, प्रोसेसर जिवंत आहे, काय कमी आहे ते त्याला कळते आहे. गप्प राहिला तर दुखणे त्याच दोघांत. आमचा एकदा ओरडला, आणि मग गप्प. पुन्हा चालू केला, गप्पच. सौभाग्यवतींनी खोलीच्या दारातून विचारले, “अहो, ओरडला का?” नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. घरात यंत्र किंचाळावे म्हणून दोन माणसे कान लावून बसली आहेत, हे कुणी पाहिले असते तर काय म्हटले असते कोण जाणे.

मग टॉर्च घेऊन बोर्ड जवळून पाहिला. प्रोसेसरच्या डाव्या अंगाला कपॅसिटरांची रांग असते: करंगळीच्या पेरापेक्षाही लहान, उभ्या नळकांड्या, माथ्यावर फुलीसारखी खाच. माथा सपाट हवा. आमच्या रांगेतल्या निम्म्यांचे माथे फुगलेले होते, आणि एकाच्या फुलीतून तपकिरी द्रव वर येऊन वाळला होता. ती खाच मुद्दामच ठेवलेली असते: आत वायू साठला तर नळकांडी फुटू नये, फुलीवर उलावी. म्हणजे दुखणे बाहेर दिसायची सोय करून ठेवलेली होती. तिथे पाहायचे कुणाला सुचले नव्हते इतकेच.

या नळकांड्यांचे काम समजले की त्यांची कीव येते. एसएमपीएस बारा व्होल्ट देतो, प्रोसेसरला लागतात सव्वा-दीड व्होल्ट. प्रोसेसर पासष्ट वॅटचा. साधा भागाकार केला तर १.३ व्होल्टला ५० अँपिअर! घरच्या दोन हजार वॅटच्या गीझरला नऊ पुरतात. शिवाय प्रोसेसरची भूक एकसारखी नाही. क्षणात वाढते, क्षणात कमी होते. ते सगळे हेलकावे स्वतःच्या अंगावर घेऊन पलीकडे सपाट, शांत वीज पोचवायची, हे कपॅसिटरचे काम. ते थकले की वीज थरथरते, थरथरत्या विजेवर प्रोसेसर चुकतो, रॅम चुकते, आणि आपण खोडरबर घेऊन रॅमचे दात घासत बसतो.

उष्णतेचा हिशेबही ठरलेला आहे. चांगला कपॅसिटर १०५ अंशांवर दोन हजार तास टिकेल असा गृहीत धरला, तर दर दहा अंश कमी केले की आयुष्य साधारण दुप्पट. ६५ अंशांवर बत्तीस हजार तास. रोज आठ तास चालवला तर अकरा वर्षे. पण या शतकाच्या सुरुवातीला जगभरच्या बोर्डांवर जे कपॅसिटर गेले त्यांतले कितीतरी दोन-चार वर्षांतच फुगले. आतल्या द्रवाचे मिश्रणच सदोष होते. तैवानच्या काही कारखान्यांनी ते जपानी सूत्रावरून उचलले आणि अर्धवटच उचलले, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, फुगलेले माथे खरे होते; २००५ मध्ये डेल कंपनीने अशा संगणकांच्या दुरुस्तीपोटी तीस कोटी डॉलर बाजूला काढले होते. त्या काळात किती लोकांनी विंडोज पुन्हा घातले असेल, किती जणांनी रॅम बदलली असेल, किती ऑफिसांत एखाद्या बिचाऱ्या टायपिस्टला बोल लागला असेल, याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

बोर्ड पिशवीत घालून उखरी रोडने बलदेवबाग ओलांडून मढातालला गेलो. मढाताल या नावातले तळे कधीच बुजले. आता तिथे जयंती कॉम्प्लेक्स आहे आणि त्यात मोबाइल-संगणकाची दुकाने खेटून बसली आहेत. चिप लेव्हलचे काम करणारा तरुण भिंगाच्या दिव्याखाली एका लॅपटॉपचे पोट उघडून बसला होता. आमचा बोर्ड पाहताच शेजारच्या दुकानातला त्याचा दोस्त ओरडला, “काए बड्डे, म्यूझियम खोल रए हो का?” पण त्याने बोर्ड हातात घेतला, उलटा केला, नाकाशी नेला. जळल्याचा वास येतो का ते पाहायची ही रीत. मग म्हणाला, “अंकल, कैप तो बदल देंगे. पर गारंटी मत माँगना.”

कपॅसिटर उपटणे दिसते तितके सोपे नसते. बोर्ड म्हणजे एकावर एक चिकटवलेले तांब्याचे थर. आतला जमिनीचा थर कथलाने भरलेल्या टाक्याची उष्णता ओढून घेतो, आणि टाका वितळता वितळत नाही. त्याने आधी ताजे कथील चढवले, मग दोन्ही पाय आळीपाळीने गरम करत नळकांडी डोलवत डोलवत बाहेर काढली, छिद्र दातकोरण्याने मोकळे केले. ऋण बाजूची पट्टी बघून नवी बसवली. कामाचे पैसे इतके थोडे घेतले की द्यायला लाज वाटली. संगणक उठला, काही दिवस नीट चालला, आणि एके दुपारी माउस पुन्हा मेला. या वेळी बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यातली चौकोनी चिप हात लावू देईना इतकी तापली होती. साउथ ब्रिज. माउस, कळफलक, डिस्क, घड्याळ, आणि ते पॅरलल पोर्टही, या सगळ्यांचा व्यवहार तिच्यातून जातो. “अब बोर्ड ही बदलो अंकल,” तो म्हणाला. निकाल लागला, आणि तो बाकी सगळे निर्दोष सुटल्यावर लागला. बोर्डाचा गुन्हा असाच शाबीत होतो, पुराव्याने क्वचित, वजाबाकीने नेहमी.

बोर्ड बदलायचा म्हटला की खरा प्रश्न उभा राहतो: कुठला? नव्या बोर्डावर जुना प्रोसेसर बसत नाही. नवा प्रोसेसर घ्यावा तर जुनी रॅम बसत नाही. तिच्या दातांमधली खाच प्रत्येक पिढीत मुद्दाम सरकवलेली असते. पेटी तेवढी चालते. स्क्रूची छिद्रे कुठे असावीत याचा करार १९९५ पासून जगाने पाळला आहे, त्यामुळे तीस वर्षांपूर्वीच्या पत्र्यात आजचा बोर्ड सुखाने बसेल. पत्रा टिकतो, करार टिकतात. मधले सगळे सरकते. आणि आमचा विंडोज एक्सपी. त्याच्या पायाखालचा चिपसेट निराळा निघाला तर त्याला स्वतःची डिस्कच ओळखता येत नाही. निळा पडदा टाकून बसतो. पॅरलल पोर्टही असे हवे की सॉफ्टवेअर ज्या जुन्या पत्त्यावर, ३७८ वर, कुलपाला हाक देते तिथेच ते सापडेल. यूएसबीची जोडवायर लावली तर प्रिंटर चालतात, कुलूप नाही.

म्हणजे तोच बोर्ड हवा. तंतोतंत तोच. मोडीत काढलेल्या ऑफिसांच्या संगणकांतून असे बोर्ड निघतात, आणि जयंती कॉम्प्लेक्सच्या माळ्यांवर वर्तमानपत्रात गुंडाळून पडलेले असतात. तरुणाने शोध लावला आणि एक दिवस फोन केला. गेलो तर म्हणाला, “पिन खुद देख लो.” या पिढीत पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या खोबणीत असतात: ७७५, केसाइतक्या बारीक, एकाच दिशेला कललेल्या. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरायचा आणि ओळीओळीने पाहत जायचे. सगळ्यांवरची चमक एका रेषेत सरकली पाहिजे; जिथे चमक अडखळते तिथे पिन वाकलेली. एका कडेला दोन वाकलेल्या होत्या. त्याने श्वास रोखून सुईच्या टोकाने त्या उचलल्या. चमक पुन्हा सरळ गेली. दीड हजारात व्यवहार झाला.

घरी बसवायला संध्याकाळ गेली. पितळी टेकू जागेवर आहेत ना ते पाहिले, प्रोसेसरवर थेंबभर पेस्ट, पंख्याचे चारी पाय समोरासमोर जोडीने दाबून बसवले. सर्वांत जिकिरीच्या त्या पुढच्या बटणांच्या बारक्या तारा: पॉवर, रीसेट, दिवा. अक्षरे इतकी बारीक की सौभाग्यवतींनी मोबाइलने फोटो काढून मोठा केला आणि मला वाचून दाखवला. चालू केला. एकच बीप. एक्सपी उठला. तो स्वतः बसवल्या दिवशीच्या दहा गोष्टींची नोंद ठेवतो आणि फार बदल दिसले तर तीन दिवसांत पुन्हा ओळख पटवा म्हणतो. इथे बदलला होता फक्त नेटवर्कचा पत्ता, तेवढे त्याने चालवून घेतले. आजची विंडोज इतकी मोठ्या मनाची नाही. संगणकासोबत मिळालेला तिचा परवाना बोर्डाला बांधलेला असतो. डिस्क बदला, रॅम बदला, पेटी बदला, संगणक तोच. पण हौसेने बोर्ड बदलला तर तो तिच्या लेखी नवा संगणक. एरवी ज्याच्याकडे कुणी पाहत नाही, त्याला परवाना देणाऱ्यांनी मात्र बरोबर ओळखले आहे.

पुण्याहून मुलीचा फोन आला. “बाबा, इतका आटापिटा केलात, पण हा बोर्ड पण जाणार ना कधीतरी? सगळं युनिकोड करून टाका.” तिचे खरे होते, आणि म्हणूनच तर बोर्ड हवा होता. रूपांतर करणारे प्रोग्राम मी करून पाहिले होते. साधा मजकूर बरा येतो. पण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते, रफार अक्षर संपल्यावर; रूपांतरात या दोघांना आपापल्या जागी नेऊन बसवावे लागते, आणि एखादे जोडाक्षर मध्ये आले की ते भलत्याच डोक्यावर बसतात. आणि अशी चूक निस्तरायची तर मूळ काय होते ते शेजारी उघडे हवे. अर्थ लावणारा जुना संगणक चालता असेल तोवरच नवी प्रत खरी की खोटी ते ठरवता येते. म्हणून हा बोर्ड मी संगणक अमर करायला आणला नाही. सामान हलवेपर्यंत घर उभे राहिले, म्हणजे झाले.

रोज थोडे थोडे हलवतो आहे. एकीकडे जुना पडदा, एकीकडे लॅपटॉप. सौभाग्यवती जुन्यावरून वाचतात, मी नव्यावर बोट ठेवून पाहतो. १९५६ च्या गटापाशी आलो तेव्हा एक गोष्ट पुन्हा डोळ्यांपुढे आली. नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, सीपी अँड बेरार, आणि कारभारात हिंदी-मराठी दोन्ही चालत. माणसाला इकडून तिकडे बदली व्हायला भाषा बदलावी लागत नसे. मग मधला सांधाच बदलला. माणसे तीच, घरे तीच, आडनावे तीच. आणि त्यापुढच्या वर्षांत आमच्या लोकांबद्दल काय काय बोलले गेले! नागपूरचे नातेवाईक म्हणत, जबलपूरकरांची मराठी बिघडली. जबलपूरचे शेजारी म्हणत, मराठी लोक आपल्यातच राहतात. वडील म्हणत, पोरांना वाचायचा कंटाळा. प्रत्येकजण कुणाच्या तरी अंगावरची चूक दाखवत होता, आणि ती चूक तिथे खरोखर दिसतही होती. पण पोरांनी मराठी वाचावी कुठे? पूर्वी ज्या शाळा, कचेऱ्या, वर्तमानपत्रे आणि बदल्या ही भाषा न मागता घरी आणून देत, त्यांचा पुरवठा थरथरू लागला होता. सत्तर वर्षे आम्ही रॅमचे दात घासत बसलो. दत्तजयंती, गणपती, नाटक, स्मरणिका हे सगळे खोडरबरच. फायदा होतो, नाही असे नाही. पण सांधा नव्याने बसवणे वेगळे, आणि ते एकट्या घराच्या हातचे काम नाही.

म्हणून युनिकोडमध्ये आलेला पहिला भाग मी मुलीला पाठवला. तिने तो तक्त्यात घातला, मंडळातल्या घरांना आणि बाहेरगावी गेलेल्यांना उघडून दिला, आणि न विचारता पाचवा रकाना वाढवला: पुढे कुठे गेले. पुणे, नागपूर, बेंगळुरू, न्यू जर्सी, असा तो भरू लागला. त्याबरोबर तक्रारीही सुरू झाल्या. एका घराचे म्हणणे, आमचे पणजोबा गन कॅरेजमध्ये लागले ते फॅक्टरी निघाली त्याच वर्षी, तुम्ही दोन वर्षे उशिरा दाखवलेत. दुसऱ्या घराने कळवले, आम्ही रेल्वेचे नव्हेच, भोसल्यांच्या वेळचे. रेल्वे आमच्यानंतर आली. दोन चुलतभाऊ मूळ गाव सातारा की वाई यावरून फोनवर तासभर भांडले आणि निकालासाठी मला मध्ये घेतले. बेंगळुरूच्या एका मुलाने तर मराठीत सविस्तर पत्रच लिहिले, की त्याच्या आजीचे माहेर आम्ही वगळले आहे. पत्रात शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ, पण मुद्दा बिनतोड. जुनी छापील स्मरणिका कपाटात होती तेव्हा एकाही घराने एक शब्द कळवला नव्हता. आता आठवड्याला दोन-चार तक्रारी येतात. मी त्या उतरवून घेतो, जुन्या पडद्यावर ताडून पाहतो, आणि सौभाग्यवतींना सांगतो की आज पुन्हा ओरड आली आहे.